आईच्या रोजाचा हिशेब

गर्भकाळाच्या अखेरच्या तीन महिन्यांत बालकाच्या मेंदूतील जोडण्यांचे जाळे झपाट्याने विणले जाते. अठ्ठाविसाव्या आठवड्यातच जन्मलेल्या अर्भकाच्या बाबतीत हे विणकाम परळच्या वाडिया प्रसूतिगृहासारख्या रुग्णालयात, यंत्रांच्या सान्निध्यात पुरे व्हावे लागते. तेथे आईचे दूध आणि तिच्या उराची ऊब हेही उपचारच होत. शीवच्या पालिका रुग्णालयात १९८९ साली मातृदुग्धपेढी निघाली. परंतु पेढी दूध पुरवील, ऊब कोठून पुरविणार? २०१७ पासून आस्थापनांतील स्त्रियांना सव्वीस आठवड्यांची पगारी रजा आहे; लालबागच्या चाळीतून धुणीभांड्यांना जाणारी आई तिला मुकते. तिला खाडा परवडत नाही. तेव्हा अर्भक रुग्णालयात असेतो तिचा बुडालेला रोज शासनाने भरून द्यावा. तो दानधर्म नव्हे, उपचाराचाच खर्च होय.