एका ओळीचे औषध

आमचा भाचा दूध-संकलन केंद्रांसाठी यंत्रे बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. काट्यावर किटली ठेवावी, यंत्राने वजन टिपून नखाएवढ्या मेमरी कार्डावर नोंदवावे आणि शेतकऱ्याच्या हाती पावती द्यावी, एवढेच यंत्राचे काम. पण यंदा नव्या, वेगवान कार्डांची खेप आली आणि पहाटेच्या गर्दीत यंत्र मधूनच मान टाकू लागले. दूध टाकीत, नोंदीचा पत्ता नाही! दर दहा दिवसांनी होणारा दुधाचा पगार त्या नोंदींवर.

"मामा, माझ्या टेबलावर मात्र ते गुणी बाळासारखं चालतं!"

शोध घ्यायला त्याने प्रोग्रामात एक ओळ घातली. कार्डाचा 'लिहून झाले' हा निरोप येताच, पुढचे काम करण्याआधी, तारेवरून पडद्यावर तसे छापायचे. आणि काय आश्चर्य! यंत्र पडेनासे झाले. ओळ काढली की पुन्हा पडे. वरिष्ठ म्हणाले, "राहू दे ती ओळ. दिवाळीआधी यंत्रं जायला हवीत." भाचा ऐकेना. (हट्ट आमच्या ताईचा!)

सेकंदाला १,१५,२०० बिट या वेगाने चाळीस अक्षरे छापायला साडेतीन मिलिसेकंद लागतात. चिपच्या हिशेबी हा केवढा तरी काळ! म्हणून छापण्याऐवजी त्याने चिपचा एक पाय क्षणभर वर-खाली करून ऑसिलोस्कोपवर पाहिले. वजनकाटाही टेबलावर आणून जोडला. तेव्हा चोर सापडला.

कॉलेजच्या भाषेत सांगतो. हेडक्लार्क शिपायाला आधी गठ्ठा आणायला पिटाळी, आणि तो कुठे ठेवायचा हे मागाहून वहीत लिही. शिपाई संथ, म्हणून निभावत होते. नवा शिपाई धावत परतला, तेव्हा हेडक्लार्क प्राचार्यांच्या हाकेला गेलेला. दुसऱ्या कारकुनाने वही उघडली, तो पान कोरे! शिपाई म्हणजे कार्ड, दोघे कारकून म्हणजे चिपमधले दोन प्रोसेसर, आणि प्राचार्य अर्थातच वजनकाटा. ती छापण्याची ओळ म्हणजे दुसऱ्या कारकुनाने वही उघडण्याआधी सावकाश चष्मा पुसणे.

आता आधी नोंद, मग हुकूम. आणि नोंद पुरी होईतो हुकूम सुटू नये म्हणून मध्ये एक अडसर.

धनत्रयोदशीच्या पहाटे भाचा स्वतः केंद्रावर उभा होता. पावत्या भराभर निघत होत्या. एका आजीबाईंनी मात्र आपली पावती त्याच्याकडून तीनदा वाचून घेतली.