उपरण्याखालचा सौदा

काष्टीचा शनिवारचा बाजार ज्यांनी पाहिला आहे त्यांना वेगळं सांगायला नको. बैल, गाई, म्हशी, शेळ्या, टेंपोंची रांग, धुरळा, चहाच्या टपऱ्या. पण सौदा तोंडानं होत नाही. विकणारा आणि दलाल उपरण्याखाली एकमेकांचा हात धरतात, बोटं दाबतात आणि आकडा ठरतो. शेजारी उभ्या माणसालाही तो कळत नाही. ज्या बाईनं त्या जनावराला वर्षभर वैरण टाकली, त्याचं शेण काढलं, ती बहुधा तिथे नसतेच. असली तरी लांब उभी असते. किती बोटं दाबली हे तिला घरी गेल्यावर कळतं, तेही कुणी सांगितलं तर!

गेल्या वर्षी मी नवोदित चित्रपट निर्मात्यांसाठीच्या एका फेलोशिपचा अर्ज भरायला बसले, तेव्हा मला सारखा हा बाजार आठवत होता. आमच्या गटानं तोवर दोन छोटे माहितीपट केले होते. आता दोन बहिणींच्या हक्कसोडपत्राची गोष्ट मोठ्या चित्रपटात सांगायची होती. दिग्दर्शन आमच्यातली एक तरुण मैत्रीण करणार आणि पैशांचं, परवानग्यांचं, माणसांचं मी बघणार, असं ठरलं. म्हणजे मी निर्माती. हा शब्द स्वतःला लावताना मला संकोच वाटला. एका मैत्रिणीनं विचारलंच, "अगं, निर्माता म्हणजे पैसेवाला ना? तुझ्याकडे कुठे आहेत पैसे?"

इथूनच सुरुवात करू या. निर्माता म्हणजे पैसेवाला, ही समजूत सोयीची आहे, पण अपुरी आहे. निर्माता पैसे उभे करतो, त्यांचा हिशेब ठेवतो, करार करतो, माणसं जमवतो आणि काम तडीला नेतो. शेवटी चित्रपट त्याच्या मालकीचा होतो. आपल्या 1957 च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रपटाचा 'कर्ता' दिग्दर्शक नसतो, निर्माता असतो. वेगळा करार नसेल तर मालकी त्याची. म्हणून 'दिग्दर्शनात बायका किती' एवढंच मोजत बसणं मला अर्धवट वाटतं. चित्रपट बाईवर असेल, बाईनं लिहिलेला, बाईनं दिग्दर्शित केलेलाही असेल. पण करारावर मालक म्हणून सही कुणाची? उपरण्याखाली हात कुणाचा?

या बाबतीत आपला इतिहास बोलका आहे. दादासाहेब फाळके 1912 साली चित्रपटाचं तंत्र शिकायला लंडनला गेले. भारतीय चित्रपटातला हा पहिला प्रशिक्षणाचा प्रवास म्हणायला हरकत नाही. त्यासाठी कुठली शिष्यवृत्ती नव्हती. विम्याची पॉलिसी गहाण पडली. पुढे 'राजा हरिश्चंद्र' करताना सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले. आणि दागिने देऊन त्या बाजूला बसल्या नाहीत. कच्च्या फिल्मला भोकं पाडायची, रसायनं कालवायची, उन्हात पांढरी चादर धरून उभं राहायचं आणि साऱ्या मंडळींचा स्वयंपाकही करायचा. 3 मे 1913 रोजी मुंबईच्या कॉरोनेशनमध्ये तो चित्रपट लागला. भांडवल घातलं, तांत्रिक काम केलं, माणसं पोसली, एवढं करणाऱ्याला आज आपण सहनिर्माता म्हणतो. सरस्वतीबाईंना आपण काय म्हणतो? 'खंबीरपणे पाठीशी उभी राहिलेली पत्नी'! स्त्रीधन गेलं आणि नावही गेलं.

आता शंभर वर्षं पुढे येऊ. आमच्या श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी आपली शेतजमीन विकून 'ख्वाडा' केला. धनगरांच्या भटकंतीवरचा हा चित्रपट 2015 साली पडद्यावर आला आणि राष्ट्रीय पुरस्कारांतही त्याची दखल घेतली गेली. आम्हाला त्याचा अभिमान आहे, त्यांच्या धाडसाबद्दल आदर आहे. पण त्यांचं कौतुक ऐकताना माझ्या मनात एक प्रश्न येतो. त्याच तालुक्यातल्या एखाद्या बाईनं चित्रपटाचं वेड घेतलं, तर तिनं काय विकायचं? सातबाऱ्यावर तिचं नाव आहे का? वेड घ्यायलासुद्धा काहीतरी नावावर असावं लागतं.

कायद्यानं आपल्याला हक्क दिला आहे. महाराष्ट्रानं 1994 साली मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत मुलग्यांबरोबर वाटा दिला, देशभर तो 2005 च्या दुरुस्तीनं आला आणि 2020 साली सर्वोच्च न्यायालयानं हा हक्क जन्मापासूनचा असल्याचं स्पष्ट केलं. त्याही आधी, 1990 च्या सुमारास, शेतकरी संघटनेच्या 'लक्ष्मीमुक्ती'त गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावावर जमीन केली होती. पण हक्क मिळाला की लगोलग तो सोडायचा कागदही तयार असतो. मीही 2011 साली दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात जाऊन अंगठ्याच्या ठशासकट हक्कसोडपत्र करून दिलं. कुणी धमकी दिली नाही. भाऊ चांगला आहे. 'माहेर तुटायला नको' एवढंच आई म्हणाली. त्या दिवशी मला साडी मिळाली, आणि जेवायला पुरणपोळी होती.

चौदा वर्षांनी फेलोशिपच्या अर्जात एक रकाना समोर आला : एकूण बजेटपैकी किती टक्के रक्कम तुमच्याकडे आजच निश्चित आहे? मी बराच वेळ त्या रकान्याकडे बघत राहिले. माझी निश्चित रक्कम श्रीगोंद्याच्या कार्यालयात एका सहीनं गेली होती.

बाकीचे रकानेही पाहा. कंपनीची नोंदणी आहे का? आधी निर्मिती केलेल्या चित्रपटांची नावं? कुठल्या महोत्सवात दाखवले गेले? दोन नामवंतांची शिफारसपत्रं? सगळं इंग्रजीत. निवड झाली तर प्रवासखर्च आधी स्वतः करायचा, पावत्या दिल्यावर परत मिळणार. आणि वय पस्तिशीच्या आत. तिथेच माझा अर्ज संपला. तरी मी तो पाठवला. दोन ओळींचं नम्र उत्तर आलं.

माझी निवड झाली नाही म्हणून हा लेख लिहिलेला नाही. माझ्याहून चांगले अर्ज आले असतील. पण ज्या चाळणीतून अर्ज गाळले जातात ती चाळणी कुणाच्या मापानं विणली आहे, हे विचारायचा मला अधिकार आहे. पस्तिशीची अट घ्या. सरकारनं 2021 साली गोव्याच्या इफ्फीत 75 तरुण कलावंत निवडण्याचा उपक्रम सुरू केला, त्यालाही हीच अट होती. 'तरुण' आणि 'नवोदित' हे शब्द आपण एकाच अर्थानं वापरतो. पुरुषाच्या बाबतीत ते बहुतेक वेळा खरंही असतं. पण आमच्याकडच्या बाईचं लग्न विशीत होतं, मग मुलं, मग सासू-सासऱ्यांची दुखणी. तिचा दिवस तिच्या हातात येतो तोवर चाळिशी उलटलेली असते. ती पंचेचाळिसाव्या वर्षी नवोदित असते. तिच्यासाठी रकाना नाही.

मग असं प्रशिक्षण हवंच कशाला, असं कुणी म्हणेल. सुमित्रा भावे कुठे अर्ज भरायला गेल्या होत्या? खरं आहे. पुण्याच्या वस्त्यांमधल्या बायकांचा अभ्यास करताना, अक्षरओळख नसलेल्या बाईपर्यंत तिचीच गोष्ट परत न्यायची तर पडदाच हवा, हे त्यांना उमगलं आणि 1985 साली 'बाई' हा लघुपट झाला. चित्रपटाचं रीतसर शिक्षण नव्हतं. पण पुढे 1995 साली 'दोघी' उभा राहिला तो एनएफडीसी आणि दूरदर्शनच्या, म्हणजे तुमच्या-माझ्या पैशावर. गुणाला सार्वजनिक पैशाची जोड मिळाली. एकट्या जिद्दीचे गोडवे गाणारे ही जोड सोयीस्करपणे विसरतात. आसामच्या रीमा दास यांनी स्वतःच्या गावात, स्वतः कॅमेरा धरून 'व्हिलेज रॉकस्टार्स' केला आणि 2018 साली त्याला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. त्यांना माझा सलाम. पण एखादीनं डोंगर चढून दाखवला म्हणून गावाला रस्ता नको, असं होत नाही.

आणि प्रशिक्षण हवंच, कारण उपरण्याखाली काय चालतं ते तिथे कळतं. दुसऱ्या देशातल्या निर्मात्याशी भागीदारी करायची तर करारात काय लिहायचं, हक्क किती वर्षांसाठी द्यायचे, वितरक आधी आपला खर्च कापून घेतो म्हणजे नेमकं काय, हे कुठल्या पुस्तकातून अंगवळणी पडत नाही. एनएफडीसीनं 2007 साली गोव्यात फिल्म बाजार सुरू केला. नाव अगदी योग्य आहे, तिथेही बाजारच भरतो. रॉटरडॅमला नव्या निर्मात्यांसाठी लॅब चालते, बर्लिनला 2003 पासून तरुण चित्रकर्मींचा मेळावा होतो. पायल कपाडिया यांच्या 'ऑल वी इमॅजिन अ‍ॅज लाइट'ला 2024 साली कानमध्ये ग्रां प्री मिळालं. त्यामागे पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमधलं शिक्षण होतं आणि परदेशी निर्मात्यांची, निधींची साथही होती. त्याच चित्रपटात छाया कदम यांनी साकारलेली पार्वती आठवते? मुंबईतलं राहतं घर तिच्या हातून जातं, कारण घराचे कागद तिच्यापाशी नाहीत. पुन्हा कागदच!

पण प्रशिक्षण हा हक्क असतो तसा अडसरही करता येतो. केरळ सरकारनं 2019 पासून आपल्या चित्रपट महामंडळामार्फत महिला दिग्दर्शकांच्या चित्रपटांसाठी दीड-दीड कोटी रुपये द्यायला सुरुवात केली. पुढे अनुसूचित जाती-जमातींच्या दिग्दर्शकांसाठीही तशी योजना आली. तारा रामानुजन यांचा 'निषिद्धो' आणि मिनी आय. जी. यांचा 'डिव्होर्स' त्यातूनच झाले. 2025 च्या ऑगस्टमध्ये तिरुवनंतपुरमच्या परिषदेत ज्येष्ठ दिग्दर्शक अडूर गोपालकृष्णन म्हणाले, की ही रक्कम फार आहे, आणि या लोकांना आधी निदान तीन महिन्यांचं प्रशिक्षण द्यावं. सभागृहातच त्याला विरोध झाला, आणि तो रास्त होता. अडूर मोठे दिग्दर्शक आहेत. पण ते स्वतः पुण्याच्या सरकारी संस्थेत शिकले आणि त्यांच्या 1972 च्या 'स्वयंवरम्'ला फिल्म फायनान्स कॉर्पोरेशनचं कर्ज होतं. सरकारी पैसा त्यांना मिळाला तेव्हा ती गुणांची कदर, आणि बाईला किंवा दलिताला मिळाला की उधळपट्टीची भीती! शिकवायला कुणाची ना नाही. पण शिकवणं हे पैशाबरोबर यावं, पैशाच्या आडवं नव्हे.

आता थोडं आपल्या चळवळीतल्या मैत्रिणींशी. तुमच्यापैकी काहीजणी म्हणाल्या, "पाणी, रेशन, मारहाण हे प्रश्न काय कमी आहेत, म्हणून हे सिनेमाचं खूळ?" स्त्री मुक्ती संघटनेच्या 'मुलगी झाली हो' या ज्योती म्हापसेकरांच्या नाटकानं 1983 पासून गावोगाव जे केलं ते किती भाषणांनी झालं असतं? तेव्हा आपण नाटकाला खूळ म्हटलं नाही. चित्रपट महाग आहे, एवढाच फरक. आणि महाग आहे म्हणूनच तो त्यांच्या हाती सोडून चालणार नाही.

शिवाय आपल्याला हे जमणार नाही, असं कोण म्हणतं? बचत गटाची अध्यक्ष काय करते? वीस जणींना एकत्र ठेवते, कर्ज काढते, हप्ता चुकला तर दारात जाऊन बसते, बँकेच्या साहेबाशी भांडते आणि पैन् पैचा हिशेब वहीत ठेवते. निर्मात्याचं काम याहून फार वेगळं नाही. सरस्वतीबाईंनीही तेच केलं होतं. पण हा अनुभव लिहायला त्या अर्जात जागा नव्हती.

म्हणून आमच्या काही मागण्या आहेत. सार्वजनिक पैशावर चालणाऱ्या प्रत्येक प्रशिक्षणात वयाची अट काढून टाका. 'नवोदित' म्हणजे कामात नवा, वयानं नव्हे. अर्ज मराठीत भरू द्या. प्रवासाचे पैसे आधी द्या, आणि लहान मूल बरोबर असेल तर त्याच्या सांभाळाची सोयही करा. स्वतःचा वाटा मोजताना केलेलं काम धरा, संस्थात्मक अनुभव म्हणून बचत गट आणि संघटना धरा. कार्यशाळा फक्त गोवा-मुंबईत नकोत, जिल्ह्याच्या ठिकाणी घ्या. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' केला, मग नगरला निर्मात्यांचं शिबिर का होऊ नये? आणि महाराष्ट्र सरकारनं मराठी चित्रपट पूर्ण झाल्यावर अनुदान देऊन थांबू नये. जिच्याकडे पूर्ण करायलाच पैसे नाहीत तिला त्याचा काय उपयोग? केरळसारखा निधी बायकांसाठी आधी द्यावा.

आणि एक मागणी स्वतःकडेच. हक्कसोडपत्रावर सही करण्याआधी एक रात्र थांबा. भावाशी भांडा असं मी म्हणत नाही, पण त्या कागदानं आपण नेमकं काय सोडतो आहोत ते वाचा. मी वाचलं नव्हतं.

यंदा मी पुन्हा अर्ज भरणार आहे, जिथे वयाची अट नाही तिथे. इंग्रजीसाठी गटातल्या एकीची मुलगी मदत करते आहे. बजेटची वही आम्ही सगळ्याजणी मिळून करतो आहोत : किती दिवस चित्रीकरण, किती माणसांचं जेवण, जनरेटरचं भाडं, गाडीचं डिझेल. परवाच्या शनिवारी आमच्यातली एक बाजारात आपली शेळी विकायला स्वतः गेली. दलालानं सवयीनं तिच्या नवऱ्यापुढे उपरणं धरलं. तिनं ते बाजूला केलं आणि म्हणाली, "आकडा तोंडानं सांगा. शेळी माझी आहे."

तुमच्यापैकी कुणी असे अर्ज भरले असतील तर अनुभव जरूर कळवा. पुढच्या अंकात आपण सगळे रकाने एकत्र मांडू.