जोतं ठरतं तेव्हाच रॅम्प ठरतो

माझ्या पर्समध्ये पाच मीटरची टेप असते. कुठल्याही नव्या इमारतीत गेले की आधी जमिनीपासून दारापर्यंतची उंची मोजते, मग रॅम्पची लांबी. या दोन आकड्यांवरून आत काय वाढून ठेवलं असेल याचा बराच अंदाज येतो. लहानपणी मला पोलिओ झाला. कॅलिपर लावून, कुबड्यांवर चालत बँकेतली नोकरी पुरी केली. आता व्हीलचेअर वापरते. कुणी आर्किटेक्ट, कुठली शाळा, एखादी सोसायटी बोलावते तेव्हा जाऊन इमारत बघते आणि काय चुकलंय ते सांगते. पण बोलावणं येतं ते बहुधा फरश्या बसून, रंग लागून झाल्यावर.

रॅम्पचं जे काही चुकतं, ते जोत्यापाशी चुकतं. जोतं उंच असावं ही आपल्याकडची जुनी समजूत आहे आणि तिला कारणही आहे. मी सांगलीची. २००५, २०१९ आणि २०२१चे पूर पाहिलेल्या माणसाला उंच जोत्याचं महत्त्व कुणी शिकवायला नको. पण जिथे पुराची भीती नाही, तिथेही इमारतीला रुबाब यावा म्हणून तीन-तीन फूट जोतं घेतात. आता हिशेब करा. एक फूट चढायचं तर किमान बारा फूट लांब उतार हवा, म्हणजे तीन फुटांना ३६ फूट. नऊ मीटरपेक्षा, म्हणजे साधारण तीस फुटांपेक्षा लांब सलग उतार असू नये. मध्ये दम खायला सपाट जागा हवी, शिवाय तळाला आणि दारापाशी खुर्ची वळवायला सपाट जागा हवी. सरळ घ्या किंवा घडी घालून घ्या, एकूण लांबी पन्नास फुटांच्या घरात जाते. नकाशावर ही जागा कुणी राखलेलीच नसते. समोर पार्किंग, बाजूला मीटरची खोली, कोपऱ्यात पाण्याची टाकी. मग पायऱ्यांच्या कडेला उरलेल्या दहा-बारा फुटांत रॅम्प कोंबला जातो. तो चढायला मागून दोन धडधाकट माणसं लागतात आणि उतरताना खुर्ची उलटी, पाठमोरी उतरवावी लागते. पुढे तोंड करून उतरलं तर माणूस खुर्चीतून बाहेर फेकला जाईल इतका तो उभा असतो.

हेच जोतं नकाशावरच दीड फुटांवर आणलं असतं तर १८ फुटांत काम झालं असतं. अंगणालाच हलका चढ देऊन दारापर्यंत नेलं असतं तर वेगळ्या रॅम्पची गरजच पडली नसती. आणि तो चढ सगळ्यांनीच वापरला असता: बाबागाडी ढकलणारी आई, गॅसचं सिलिंडर आणणारा माणूस, गुडघे दुखणारे आजोबा.

त्यात भर फरशीची. दर्शनी भाग चकचकीत दिसावा म्हणून रॅम्पवरही पॉलिश केलेला ग्रॅनाइट लावतात. पावसाळ्यात त्यावर व्हीलचेअरची चाकं जागच्या जागी फिरतात आणि कुबडीचं रबर सटकतं. दुचाकी वर चढू नयेत म्हणून रॅम्पच्या तोंडाशी साखळी बांधतात. ती सोडणारा वॉचमन जागेवर असला तर आपलं नशीब. काही ठिकाणी रॅम्प असतो मागच्या बाजूला, कचऱ्याच्या डब्यांशेजारी. पुढच्या दारातून सगळे जात असताना आम्ही मागून का जायचं, याचं उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

आणखी एक गैरसमज खोडायला हवा. दिव्यांग म्हणजे व्हीलचेअर आणि व्हीलचेअर म्हणजे रॅम्प, एवढ्यावर बहुतेकांचा विचार थांबतो. कुबड्यांवर होते तेव्हा मला रॅम्पपेक्षा चांगल्या पायऱ्या सोप्या जायच्या. उतारावर कॅलिपरचा पाय ठरत नाही. मला हव्या असायच्या सारख्या उंचीच्या पायऱ्या, दोन्ही बाजूंना मुठीत मावेल असं गोल रेलिंग, आणि ते रेलिंग शेवटच्या पायरीच्या पुढे फूटभर गेलेलं. आपल्याकडे रेलिंग नेमकं शेवटच्या पायरीच्या आधी संपतं. तोल जाण्याचा क्षण तोच असतो. हल्ली जाड चौकोनी पाइप लावतात. दिसायला छान, पण पकड मिळत नाही.

आता संडासाबद्दल लिहिते, कारण त्याबद्दल लिहायला सगळे संकोचतात. दारावर निळी पाटी, तिच्यावर व्हीलचेअरचं चित्र. दाराला कुलूप. किल्ली शिपायाकडे आणि शिपाई चहाला. किल्ली मिळाली तर आत बादल्या, झाडू आणि फिनेलचे कॅन. ते बाहेर काढल्यावर कळतं, की दार आत उघडतं: खुर्ची आत गेली की दार लागत नाही, दार लावायचं तर खुर्ची बाहेर ठेवावी लागते. दाराशी दोन इंचांचा उंबरा. खुर्ची जागच्या जागी वळवायला दीड मीटरची मोकळी जागा लागते, ती वॉश बेसिनने खाल्लेली. कमोड कोपऱ्यात असा दाबलेला, की शेजारी खुर्ची लावून सरकता येत नाही. कमोडची बैठक खुर्चीच्या बैठकीएवढी, म्हणजे ४५ ते ४८ सेंटिमीटरवर हवी. ती बरीच खाली असते. खाली सरकणं एक वेळ जमतं, पण परत वर कसं यायचं? आधाराच्या दांड्या असतात, पण हात पोचणार नाही अशा भिंतीवर. एका ठिकाणी तर दांडी प्लायवूडच्या पार्टिशनवर ठोकलेली होती. तिच्यावर पूर्ण अंगाचा भार टाकायचा असतो, हे ती बसवणाऱ्याला कुणी सांगितलं नसावं. बेसिनखाली खांब, त्यामुळे गुडघे आत जात नाहीत. आरसा उभ्या माणसाच्या उंचीवर.

या सगळ्याचा परिणाम कुठल्या पाहणीत दिसत नाही. घराबाहेर पडायचं असेल त्या दिवशी सकाळपासून पाणी न पिणाऱ्या अनेक जणी मला माहीत आहेत. सरकारी कामाला जाताना, परीक्षेला जाताना, लग्नाला जाताना त्या तहानलेल्या असतात.

माझी एक मैत्रीण पूर्ण अंध आहे, कॉलेजात शिकवते. पिवळ्या उठावदार फरशांबद्दल मला जे कळलं ते तिच्यामुळे. जपानच्या सेइइची मियाके यांनी १९६५ साली ही फरशी तयार केली आणि १९६७ मध्ये ओकायामा शहरात ती पहिल्यांदा रस्त्यावर बसवली. तिची भाषा साधी आहे: उभ्या रेषा म्हणजे पुढे चला, ठिपके म्हणजे थांबा, पुढे काहीतरी आहे. आपल्याकडे रेषा संपल्या म्हणून ठिपके लावतात, ठिपके संपले म्हणून रेषा. एका कार्यालयात रेषांच्या मागोमाग गेलेल्या माझ्या मैत्रिणीचं कपाळ थेट खांबावर आपटलं. फरशीवाल्याने पट्टा सरळ नेला होता, मध्ये खांब आला तर पट्टा वळवायचा हे त्याच्या कागदावर नव्हतं. अंधुक दिसणाऱ्यांना या पट्ट्याचा रंग उपयोगी पडतो, तरी सुंदर दिसतं म्हणून राखाडी ग्रॅनाइटवर स्टीलचे ठिपके बसवतात. मोठी काचेची दारं डोळ्यांच्या उंचीवर पट्टा न लावता तशीच सोडतात.

लिफ्टचं तर काय सांगावं! जुन्या सोसायट्यांमध्ये नंतर बसवलेली लिफ्ट कित्येकदा दोन मजल्यांच्या मध्ये, जिन्याच्या वळणावर थांबते. तिथून आठ-दहा पायऱ्या चढायच्या किंवा उतरायच्या. नव्या इमारतींमध्ये बटणांच्या जागी गुळगुळीत टचस्क्रीन आलाय, त्यावर अंध माणसाने मजला कसा शोधायचा? मजला सांगणारा आवाज त्रास होतो म्हणून बंद करतात. आणि कर्णबधिर माणसाला आगीचा भोंगा ऐकू येत नाही, त्याला लुकलुकणारा दिवा लागतो, हे तर बांधकामाच्या बैठकीत कुणी काढतही नाही.

"एवढं कशाला? आम्ही उचलून नेतो की!" असं लोक मनापासून म्हणतात. त्यांच्या चांगुलपणाबद्दल मला शंका नाही. पण परक्या माणसांनी काखेत हात घालून उचलणं एका बाईला कसं वाटतं, याचा विचार करा. दिव्यांग हक्कांसाठी काम करणाऱ्या विराली मोदी यांना ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांच्या लग्नाच्या दिवशी मुंबईतल्या विवाह नोंदणी कार्यालयात असं उचलून न्यावं लागलं. कार्यालय दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही आणि कर्मचारी खाली आले नाहीत, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं. लग्नाच्या दिवशी नवरीच्या मनात आपण पडू ही भीती असावी, हे मला असह्य वाटतं.

दुसरा प्रश्न असतो, "असे कितीसे लोक येतात?" २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात २९ लाख ६३ हजारांहून अधिक दिव्यांग व्यक्तींची नोंद झाली. ते तुमच्या इमारतीत दिसत नाहीत, कारण दारातूनच परत जातात.

कायद्याची उणीव नाही. १९९५च्या कायद्यात सोयी देण्याला सरकारच्या आर्थिक कुवतीची अट होती. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने स्पष्ट सांगितलं, की नियमांत न बसणाऱ्या नकाशाला परवानगी देऊ नये आणि नियम पाळल्याशिवाय पूर्णत्वाचा दाखलाही देऊ नये. जुन्या सार्वजनिक इमारती सुगम करायला नियम आल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ मध्ये आले. मुदत २०२२ मध्ये संपली. राजीव रतुडी या दृष्टिबाधित कार्यकर्त्याने २००५ साली केलेल्या याचिकेवर ८ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला, की बंधनकारक नियमांऐवजी नुसती मार्गदर्शक तत्त्वं ठेवणं कायद्याला धरून नाही. सक्तीचे किमान नियम वेगळे काढा. याचिकेपासून या निकालापर्यंत १९ वर्षं गेली.

तरी दाखले मिळतात, कारण तपासणीत रॅम्प 'आहे' की 'नाही' एवढंच बघितलं जातं. टेप लावून उतार कुणी मोजत नाही, संडासात खुर्ची नेऊन दार लावून कुणी पाहत नाही. म्हणून माझी मागणी एकच आहे. भोगवटा प्रमाणपत्र देण्याआधी एक व्हीलचेअर वापरणारी व्यक्ती, एक कुबड्यांवर चालणारी, एक अंध आणि एक कर्णबधिर व्यक्ती अशा चौघांनी ती इमारत वापरून पाहावी: फाटकातून आत, संडासात, वरच्या मजल्यावर आणि परत बाहेर, कुणाचीही मदत न घेता. त्यांच्या अहवालावर पालिकेच्या अभियंत्याने सही करावी आणि त्या चौघांना या कामाचं मानधन मिळावं. आणि हीच माणसं नकाशाच्या टप्प्यावरही बोलावली, तर पुढची तोडफोड टळेल.

वाचकांनो, तुमच्या सोसायटीचा पुनर्विकास चालू असेल तर पुढच्या सर्वसाधारण सभेत नकाशा मागा. जोत्याची उंची विचारा, रॅम्पची लांबी विचारा. लांबी उंचीच्या बारा पट नसेल, तर सही करू नका.