ट्रान्सप्लांट झाले; पुढच्या दोन वर्षांचे काय?

रक्ताचा कॅन्सर, थॅलेसेमिया, ॲप्लास्टिक ॲनिमिया आणि काही निवडक सिकलसेल रुग्णांना बोनमॅरो ट्रान्सप्लांटने बरे होता येते. विदर्भात आदिवासी आणि आपल्या बौद्ध समाजात सिकलसेल पुष्कळ आहे. म्हणून हा विषय श्रीमंतांचा समजून सोडून देता येत नाही.

भारतातले पहिले ट्रान्सप्लांट १९८३ साली मुंबईच्या टाटा रुग्णालयात झाले. त्या काळी पूर्ण जुळणारे भावंड लागे, आणि सख्खे भावंड पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. आता अर्धा जुळणारा दाताही चालतो. आई आणि बाप दोघेही आपल्या लेकराशी अर्धे जुळतातच, त्यामुळे बहुतेक घरांत दाता सापडतो. दात्याच्या पेशी रुग्णाच्या शरीरावर उलटू नयेत म्हणून ट्रान्सप्लांटनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइड हे जुने औषध देतात. काढलेला मॅरो दात्याच्या अंगात पुन्हा तयार होतो, तेव्हा मायबहिणींनी घाबरू नये.

पण दवाखान्यातून सुट्टी झाली म्हणजे आजार संपला, हा समज जीवघेणा आहे. ट्रान्सप्लांटआधीच्या औषधांनी जुनी प्रतिकारशक्ती पुसली जाते आणि नवी टप्प्याटप्प्याने उभी राहते. जंतूंवर पहिला हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी साधारण तीन-चार आठवड्यांत येतात. विषाणूंशी लढणाऱ्या आणि जंतू ओळखून लक्षात ठेवणाऱ्या टी आणि बी पेशी पुरत्या सावरायला वर्ष, कधी दोन वर्षे लागतात. अर्ध्या जुळणीत हा काळ आणखी लांबू शकतो. रिपोर्टमध्ये पांढऱ्या पेशी भरल्या दिसल्या तरी संरक्षण अपुरेच असते. अंगात झोपलेला सीएमव्ही विषाणू, नागीण, टीबी, बुरशी हे सगळे याच काळात डोके वर काढतात.

हा काळ रुग्ण काढतो कुठे? आपल्याच वस्तीत. वऱ्हाडातल्या उन्हाळ्यात कूलर लागतोच, आणि त्याच्या ओल्या गवतात बुरशी धरते. खारपाणपट्ट्यात गोडे पाणी साठवून ठेवावे लागते. सोयाबीनच्या हंगामात कुटाराची धूळ घरात येते. म्हणून पाणी उकळून प्यावे, अन्न ताजे व शिजवलेले असावे, रुग्णाच्या खोलीत कूलर नको. जयंतीच्या मिरवणुकीची, लग्नाची गर्दी डॉक्टर परवानगी देईपर्यंत टाळावी. ताप १००.४ वर गेला तर क्रोसिन देऊन सकाळची वाट पाहू नये, त्याच रात्री दवाखाना गाठावा. रक्त चढवायचे झाल्यास ते किरणोत्सर्ग दिलेले असावे लागते आणि रुग्णाचा रक्तगटही बदललेला असू शकतो. म्हणून ट्रान्सप्लांटचे कार्ड सदैव जवळ ठेवावे.

लहानपणी घेतलेल्या लसींचे संरक्षणही ओसरते. साधारण सहा महिन्यांनंतर लसीकरण नव्याने सुरू होते. गोवरासारख्या जिवंत लसी दोन वर्षांआधी देत नाहीत. घरातल्या बाळाला पोलिओचे थेंब पाजण्यापूर्वी ट्रान्सप्लांटच्या डॉक्टरांना विचारा, पण बाळाची लस चुकवू नका.

इतके सगळे एका आईने पाठ करून सांभाळावे, ही अपेक्षाच अन्यायाची आहे, असे आम्हाला वाटते. वॉर्डात आम्ही वर्षानुवर्षे काम केले. तिथे हात धुण्यापासून औषधाच्या वेळेपर्यंत पहारा असतो. सुट्टीनंतर तो पहारा एकदम उठतो. दर तपासणीला अकोल्याहून मुंबई म्हणजे सुमारे सहाशे किलोमीटर. रोजी बुडते, मग फेऱ्या चुकतात आणि औषधेही तुटतात.

म्हणून आमची मागणी सरळ आहे. अमरावतीचे सुपर स्पेशालिटी आणि अकोल्याचे सर्वोपचार इथे ट्रान्सप्लांट झालेल्यांसाठी आठवड्यातून एक दिवस ठरलेली ओपीडी हवी. तिथे रक्ततपासणी, बुरशी व विषाणूवरची औषधे आणि नव्याने द्यायच्या लसी मोफत मिळाव्यात. मोठ्या केंद्रातल्या डॉक्टरांशी फोनवर जोडणी असावी. वस्तीतल्या आशाताईला या रुग्णांची यादी आणि प्रशिक्षण द्यावे.

ट्रान्सप्लांटसाठी वर्गणी काढताना आपण एक होतो. तीच एकी पुढची दोन वर्षे टिकवा: फेरीला सोबत जा, आणि या मागणीचे निवेदन जिल्हा शल्य चिकित्सकांच्या टेबलावर ठेवा.