वेगाचें खूळ

"मामा, तुम्ही युद्ध थांबवून विचार करतां, मग तें युद्ध कसलें?" असा प्रश्न गेल्या दसऱ्यास माझ्या भाच्यानें मला केला. हिंगोलीचा दसरा पाहावयास म्हणून तो आला होता. परंतु रामलीलेच्या मैदानाकडे न जातां मामा-भाचे दोघेही संगणकापुढें बसले होते, हें कबूल करणें भाग आहे. प्रश्न थट्टेचा होता, पण तो एकट्या त्याचा नाहीं. संगणकावरील अद्भुतरम्य युद्धखेळ रचणारे आणि खेळणारे यांच्यांत आज एक मोठा पक्ष असा आहे कीं, ज्यास थांबणें म्हणजे भ्याडपणा वाटतो. या पक्षास मी वेगवादी म्हणतों, आणि त्याच्या म्हणण्याचा समाचार घेण्यासाठींच हा लेख आहे.

ज्या घरांत हे खेळ मुलांच्या हातीं केवळ दुरून पाहिले जातात, त्या घरांतील वडील मंडळींसाठीं आधीं थोडें सांगतों. ज्यांस 'रोल-प्लेइंग' खेळ म्हणतात, त्यांतील एका जुन्या व सन्मान्य जातींत खेळणारा एकटा वीर नसतो. त्याच्या हाताखालीं चार-सहा सोबत्यांची टोळी असते. तीस खेळाडू 'पार्टी' म्हणतात. एक ढाल-तलवारीचा गडी, एक जखमा बऱ्या करणारा पुरोहित, एक मांत्रिक, एक कुलपें उघडणारा चोर. मांत्रिक दोन घावांत मरतो, पण त्याच्या एका मंत्रानें शत्रूंची रांग झोपीं जाते. ढालवाला दहा घाव सोसतो, पण दूर उभ्या असलेल्या तिरंदाजापुढें त्याचा इलाज चालत नाहीं. म्हणून गोडी एकेकट्याच्या शौर्यांत नसून जुळणींत आहे. अरुंद दारांत ढालवाला उभा करावा आणि त्याच्या आडोशानें बाकीच्यांनीं काम उरकावें, ही युक्ति प्रत्येक खेळाडू पहिल्या आठवड्यांत शिकतो. १६६० सालीं बाजीप्रभूंनीं खिंड अडवून धरली ती याच न्यायानें. फरक इतकाच कीं, बाजीप्रभूंस हरल्यावर डाव पुन्हां मांडण्याची सोय नव्हती.

आतां अशा सहा जणांस एकट्या माणसानें एकाच वेळीं हुकूम कसे द्यावे? याचीं दोन उत्तरें आहेत. १९९८ सालीं कॅनडांतील बायोवेअर या संस्थेनें 'बाल्डर्स गेट' काढला. त्यांत लढाई सर्वांची एकदम चालते, परंतु स्पेस बार दाबतांच सारें जग जागच्या जागीं गोठतें. खेळाडूनें सहाही जणांस हुकूम द्यावे आणि काळ पुन्हां सोडून द्यावा. दुसरें उत्तर बुद्धिबळाचें: एकाची पाळी, मग दुसऱ्याची. बेल्जियममधील लॅरियन या संस्थेनें २०२३ सालीं त्याच मालिकेचा तिसरा भाग काढला तो या पद्धतीचा, आणि त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट खेळ म्हणून त्याचा गौरव झाला.

माझा कल पहिल्या पद्धतीकडे आहे, आणि तो लपविण्याचें कारण नाहीं. पाळीच्या पद्धतींत सर्व स्पष्ट असतें, चूक कोठें झाली हें कळतें. परंतु युद्धांतील एक गोष्ट तींत हरवते, ती म्हणजे एककालिकता. चक्रव्यूहाचें उदाहरण घ्या. अभिमन्यु आंत शिरला आणि त्याच वेळीं जयद्रथानें मागून येणाऱ्या पांडवांची वाट अडविली; तो प्रसंग भयंकर झाला तो या दोन गोष्टी एकदम घडल्या म्हणून. जयद्रथ आपल्या पाळीची वाट पाहत उभा राहिला असता, तर व्यासांस निराळें पर्व लिहावें लागलें असतें. असो. हा आवडीचा प्रश्न झाला. दोन्ही पद्धतींत विचारास अवकाश आहे आणि सर्व सोबती खेळणाराच्या हुकुमांत आहेत. तेव्हां हे दोन पक्ष भाऊबंद होत. भांडण आहे तें बाहेरच्याशीं.

वेगवाद्यांचा मुख्य आक्षेप असा कीं, या थांबण्यानें लढाई कंटाळवाणी होते. आक्षेप अगदींच खोटा नाहीं. एका खेळांत कोळ्यांनीं भरलेल्या गुहेंत मीं दोन रात्री काढल्या आहेत. एक कोळी मारावा, चार पावलें जावें, तों पुन्हां तसलाच कोळी. परंतु रोग एकीकडे आणि औषध भलतीकडे असा हा प्रकार आहे. कंटाळा आला तो थांबल्यामुळें नव्हे. ज्यांत ठरविण्यासारखें कांहींच नाहीं अशा पन्नास लढाया वाटेंत पेरल्या म्हणून आला. पुरावा हवा असेल तर ऑब्सिडियन संस्थेच्या 'पिलर्स ऑफ एटर्निटी'चा दुसरा भाग पाहावा. २०१८ सालीं तो चालत्या काळाचा म्हणून निघाला. २०१९ च्या जानेवारींत त्यास पाळीची पद्धत जोडण्यांत आली. लढाया मात्र त्याच राहिल्या. जी किरकोळ चकमक चालत्या काळांत पाहतां पाहतां उरकत असे, ती पाळीपाळीनें खेळतांना रेंगाळूं लागली. उलट लॅरियनच्या खेळांत चकमकी मोजक्या, आणि प्रत्येकीची जागा निराळी: कोठें छप्पर, कोठें कडा, कोठें तेलाचीं पिंपें. एकेक लढाई अर्धा-अर्धा तास चालते आणि तरी जांभई येत नाहीं. तेव्हां गति हवी असेल तर लढाया निम्म्या करा; लढणाराचें डोकें निम्में करूं नका.

पण तसें न करितां सोपी वाट काढण्यांत आली. ज्या बायोवेअरनें सहा सोबती हातीं दिले, ज्या संस्थेच्या २००९ च्या 'ड्रॅगन एज'मध्यें चौघांपैकीं कोणासही आपल्या ताब्यांत घेतां येत असे, त्याच मालिकेचा चौथा भाग २०२४ च्या ऑक्टोबरांत आला. त्यांत लढाईस सोबती दोन. त्यांपैकीं एकाचाही पुरा ताबा खेळाडूकडे नाहीं. एखादी विद्या वापर अशी खूण त्यांस करितां येते, तेवढ्यापुरता काळही थांबवितां येतो. परंतु अमुक दारांत उभा राहा असें सांगतां येत नाहीं. आणि त्यांस मरणही नाहीं! रणांत ज्यास मरण नाहीं तो सोबती कसला? तो पाठीवरचा भाता होय. त्याच्यासाठीं माघारें फिरावें लागत नाहीं, औषधाची शेवटची कुपी कोणास द्यावी हा पेंच पडत नाहीं. खेळ दिसावयास देखणा आहे, धांवतोही झपाट्यानें; पण त्यांत मी सेनानी नाहीं, उड्या मारणारा एक गडी आहें.

यावर एक उत्तर दिलें जातें, तें मात्र विचारार्ह आहे. सोबती म्हणजे माणसें. त्यांस कळसूत्री बाहुल्यांप्रमाणें नाचविणें हेंच मुळीं अस्वाभाविक, त्यांस आपल्या मनानें लढूं द्यावें, असें हे लोक म्हणतात. ठीक आहे. पण मन द्यावयाचें तर सगळें द्या. १९९८ च्या त्या जुन्या खेळांत घायाळ सोबत्याचा धीर सुटला कीं तो हुकूम झुगारून पळत सुटे. तुमची वागणूक पटली नाहीं तर टोळी सोडून निघून जाई. याला मन म्हणावें. हुकूम होता म्हणूनच तो मोडण्यास अर्थ होता. ज्यास हुकूमच नाहीं आणि ज्यास रणांत भीतिही नाहीं, तो आपल्या मनानें लढत नसून यंत्राच्या मनानें लढतो.

भाच्याचें दुसरें अस्त्र बुद्धिबळाचें होतें. नागपूरच्या दिव्या देशमुखनें २०२५ च्या जुलैंत महिलांचा विश्वचषक जिंकला, तो निकाल सावकाश डावांत लागला नाहीं, जलद डावांत लागला. मग वेगांत बुद्धि नसते असें कसें म्हणतां, असा त्याचा सवाल. मीं तसें कधींच म्हटलेलें नाहीं. पण त्या जलद डावांतही राजापासून प्याद्यापर्यंत सोळाही मोहरे तिच्याच हातांत होते. घोडा आपल्या मनानें उडत नव्हता, आणि मेला तर मेलाच. घड्याळ आवळणें निराळें आणि मोहरे काढून घेणें निराळें.

यांत एक खाजगी गोष्टही आहे, ती सांगून टाकतों. माझें वय पन्नाशीच्या पुढें. उजव्या हाताचीं दोन बोटें सकाळच्या वेळीं नीट मिटत नाहींत. तीस वर्षें खडू धरल्याचा हा प्रसाद. वेगवादी खेळांत माझा वीर मरतो तो माझी चाल चुकली म्हणून नव्हे, बोट उशिरा दाबलें गेलें म्हणून. माझें एक वेळ राहूं द्या. ज्यांचे हात कांपतात, ज्यांस एकाच हातानें सर्व कामें करावीं लागतात, अशीं माणसें घरोघर आहेत, आणि बुद्धीनें तीं कोणास हार जाणारीं नाहींत. स्पेस बारची ती एक पट्टी त्यांस विशीतल्या पोरांच्या बरोबरीस आणून बसवीत होती. तिला भ्याडपणा म्हणणारानें एकदां आपल्या आजोबांस शेजारीं बसवून खेळावें.

आणि आमच्याकडील मंडळी? पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेनें २०२० सालीं 'राजी' हा खेळ काढला. महाल, चित्रें, देवादिकांच्या कथा, सारें डोळ्यांत भरणारें आणि अभिमान वाटावा असें. त्यांतील राजी आपल्या धाकट्या भावाच्या शोधांत निघते आणि सारें युद्ध एकटीच, हातापायांच्या चपळाईनें लढते. लहान संस्थेचा तो पहिला खेळ. एकटीची कथा सांगितली म्हणून त्यास दोष देणें अन्यायाचें होईल. परंतु जेथें पांच भावांची कथा घरोघर ऐकिली जाते, जेथें दोन सैन्यांच्या मध्यें रथ उभा करून अठरा अध्याय बोलणें चालतें आणि तोंपर्यंत कोणी बाण सोडीत नाहीं, तेथें पुढचा खेळ सोबत्यांचा व्हावा ही मागणी अवास्तव नाहीं. भीम दारांत उभा करावा, अर्जुनास गच्चीवर चढवावें, नकुल-सहदेवांस बगलेनें पाठवावें. युधिष्ठिराचा ताबा मात्र पुरता माझ्याकडे असावा. द्यूताचें निमंत्रण आलें कीं मी स्पेस बार दाबीन.