ओला कागद

जयपूरच्या रामनिवास बागेतील आल्बर्ट हॉल संग्रहालय १८८७ पासून लोकांस खुले आहे. १४ ऑगस्ट २०२० रोजी अतिवृष्टीचे पाणी त्याच्या तळघरात शिरले. तेथील प्राचीन मिसरी ममी कर्मचाऱ्यांनी काचपेटी फोडून वाचविली. जुनी कागदपत्रे मात्र भिजली.

अशा वेळी अवधी फार थोडा असतो. दोन दिवसांतच ओल्या कागदावर बुरशी धरू लागते. लखनौ येथे १९७६ साली स्थापन झालेली राष्ट्रीय सांस्कृतिक संपदा संरक्षण अनुसंधानशाला जतनाचे शिक्षण देते. पण पाणी शिरल्यावर ज्ञान लखनौहून येईपर्यंत कागद थांबत नाही. ते गावोगावच्या जाणत्यांनी एकमेकांस आधीच दिलेले असावे लागते.

त्यातील थोडे आपणही ध्यानी धरावे. घरची पोथी किंवा आजोबांची पत्रे भिजली, तर चिकटलेली पाने ओढू नयेत. सहज सुटणाऱ्या पानांत टीपकागद घालावा, तो वरचेवर बदलावा आणि सावलीत, वाऱ्यावर वाळवावे. उन्हाने कागद आक्रसतो, शाई फिकटते. आजोबांचे अक्षर एकदा पुसले, की ते पुन्हा लिहून देणारा कोणी नसतो.