सही करण्याआधी सडा एकदा पायाखालून घाला

वाडीतल्या भावकीला, आणि मुंबई-पुण्याला असलेल्या सगळ्या खातेदारांना,

तुम्ही गणपतीला आलात तेव्हा ग्रामपंचायतीच्या फलकावर नोटीस नव्हती. आता लागली आहे. 2 ऑक्टोबरच्या ग्रामसभेत सड्यावरच्या सौर प्रकल्पाला ना-हरकत देण्याचा विषय आहे. विषय क्रमांक 9, पाणीपट्टीच्या खाली.

मोजणीवाले येऊन गेले. कातळावर त्यांच्या लाल रंगाच्या खुणा आहेत. म्हातारी माणसं ज्याला पांडवांनी काढलेलं म्हणतात, त्या जागी मी परवा खराटा आणि कळशीभर पाणी घेऊन गेलो. चरांतली माती, शेवाळ निघालं तशी आधी माशाची शेपटी दिसली, मग कल्ला, मग शेजारी माणसाचे दोन पाय. लाल खूण बरोबर माशाच्या डोक्यावर! मोजणीवाल्यांना मी दोष देत नाही. गवत वाढलेलं असताना, त्यात भर दुपारी, कातळातली रेघ दिसतच नाही. उन्हं तिरपी असावी लागतात.

ही कातळशिल्पं म्हणजे काय, हे आता नव्याने सांगायला नको. राजापूर तालुक्यात कशेळीला सुमारे 18 मीटर लांबीचा हत्ती आहे आणि त्याच्या पोटात कितीतरी प्राणी कोरलेले आहेत. कोकणात आज औषधालाही न सापडणारा गेंडा इथल्या सड्यांवर कोरलेला आहे. कशेळी, बारसू, देवाचे गोठणे, उक्षी, कुडोपी अशी महाराष्ट्रातली आठ आणि गोव्यातलं फणसायमाळ 2022 मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. पण त्या यादीने इतर सड्यांना कायद्याचं संरक्षण मिळत नाही. राज्याच्या 1960 च्या कायद्याखाली जागा अधिसूचित झाली तरच ती संरक्षित. आपली झालेली नाही.

एका मेगावॅटला साधारण चार-पाच एकर जागा लागते. पॅनेल नुसती ठेवायची नसतात. जांभ्यात भोकं पाडून खांब रोवायचे, केबलसाठी चर खणायचे, उंचवटे जेसीबीने सपाट करायचे, भोवती कुंपण घालायचं. कातळशिल्पाची रेघ काही ठिकाणी बोटभर खोल असते. जेसीबीच्या एका फेरीत ती जाते.

मी सौरऊर्जेच्या विरोधात नाही. माझ्या घराच्या छपरावरही पॅनेल आहे. प्रश्न जागेचा आहे, आणि तो विचारायची जागा एकच आहे. सौर आणि पवन प्रकल्प 2006 च्या पर्यावरण मंजुरीच्या अधिसूचनेत येत नाहीत, म्हणजे जिल्हाधिकाऱ्यांसमोरची जनसुनावणीही नाही. साताऱ्याकडे चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या; तिथे शिकारी पक्षी कमी झाले आणि सरडे वाढले, हे अभ्यासकांनी 2018 मध्ये दाखवलं, तोवर पाती कितीतरी वर्षं फिरत होती. आपल्याकडे आधी बघायची सोय आहे. ती म्हणजे ग्रामसभा.

म्हणून या. गणपूर्तीला एकूण मतदारांपैकी 15 टक्के किंवा 100, यांतली जी संख्या कमी असेल तेवढी माणसं लागतात. तेवढीही जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. मग वीस माणसांत ठराव होतो. घरी बसून विरोध केल्याचं समाधान मिळतं, इतकंच.

भाड्याचं आकर्षण मलाही कळतं. शेतीला दिवसा वीज देण्याच्या सरकारी योजनेत खासगी जमिनीला हेक्टरी वर्षाला 1 लाख 25 हजार रुपये ठरलेले आहेत. गवताखेरीज काही न देणाऱ्या कातळाला एवढं भाडं कोण नाकारील? पण आपल्या सातबाऱ्यावर चाळीस नावं आहेत. एजंट एकेकाला वेगळं गाठून कुलमुखत्यारपत्रावर सही मागतोय. बाकीच्यांनी दिली, असं तो प्रत्येकाला सांगतो. मलाही सांगितलं होतं. सही करण्याआधी एकमेकांना फोन करा.

ठरावात आपल्याला एवढंच हवं आहे: गवत कापून झाल्यावर जाणकारांसोबत संपूर्ण सड्याची पाहणी व्हावी, प्रत्येक शिल्प नकाशावर यावं, त्याभोवतीची जागा सोडावी आणि तोवर ना-हरकत देऊ नये. पर्यायी जागाही सुचवू. पलीकडच्या तीन चिरेखाणी संपून पडल्या आहेत. तिथला कातळ आधीच कापलेला आहे. एकीत पावसाचं पाणी भरतं हे खरं, पण दोन कोरड्या आहेत.

सड्याखालच्या विहिरी चैत्रापर्यंत कशाने टिकतात, हेही सभेत कुणीतरी विचारा. जांभा पाणी मुरवतो. वरचा थर दाबून सपाट केल्यावर ते पाणी कुठे जाईल, याचं उत्तर कंपनीच्या माणसाकडून लेखी घ्या.

सभेच्या आधीच्या रविवारी सकाळी साडेसहाला सडा बघायला देवळाकडून निघू. मुंबईकरांनी शनिवारची रात्रीची गाडी धरली तरी पोचता येतं. आधार कार्ड घेऊन या, सभेच्या हजेरीला मतदार यादीतलं नाव लागेल. खराटा, पाण्याची बाटली आणि पायांत बूट हवेत. गवतात फुरसं असतं.

तुमचाच,
सड्याखालच्या वाडीतला एक खातेदार